अल्बम ऐकून मत कसं लिहावं: कंट्री, पॉप आणि इंडी नव्यानं ऐकणाऱ्यांसाठी

परदेशी अल्बमांवर मराठीत लिहिलेली मतं वाचली की बहुतेक ठिकाणी एकच अडचण येते. लिहिणाऱ्याला अल्बम आवडलाय एवढं कळतं, पण काय ऐकून आवडला, कुठल्या गाण्यात, गाण्याच्या कुठल्या टप्प्यावर, याचा पत्ता लागत नाही. मैफलीत शेजारचा माणूस कोपर ढोसून 'ही जागा बघ' म्हणतो, तेव्हा त्याला नेमकं ठाऊक असतं तो कशाबद्दल बोलतोय. अल्बमबद्दलचं मतही तसंच जागेवर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. मत वैयक्तिक असायला काहीच हरकत नाही, ते असणारच. फक्त वाचणाऱ्याला त्या जागी जाऊन 'मला नाही पटत' असं म्हणता यायला हवं.

खाली दिलेली पद्धत तीन बैठकांची आहे, आणि मध्ये निदान एक रात्र जाऊ द्यायची आहे. घाई असेल त्यांनी एकेका गाण्यावर लिहावं, त्यात काही कमीपणा नाही.

सुरुवात कुठल्या अल्बमांनी करायची

नव्या माणसानं आजच आलेला अल्बम हातात घेऊ नये. त्याच्याभोवती इतका गलका असतो की स्वतःचा कान ऐकू येत नाही. चार जुने अल्बम घ्या. चारही आटोपशीर आहेत आणि सगळीकडे मिळतात.

कंट्रीसाठी, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रामीण लोकसंगीतातून वाढलेल्या प्रकारासाठी, विली नेल्सनचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर', १९७५ सालचा. पंधरा तुकडे, पण सगळे मिळून जेमतेम ३४ मिनिटं. पॉपसाठी कार्ली रे जेप्सनचा 'इमोशन', २०१५ सालचा. मूळ आवृत्तीत बारा गाणी. इंडीसाठी, म्हणजे छोट्या स्वतंत्र कंपन्यांकडून येणाऱ्या संगीतासाठी, बोन इव्हेरचा 'फॉर एमा, फॉरेव्हर अगो': नऊ गाणी, ३७ मिनिटं, २००७ मध्ये स्वतःच काढला आणि २००८ मध्ये जॅगजॅगुवार या छोट्या कंपनीनं सर्वदूर पोचवला. आणि या तिन्हींच्या मधोमध उभा असलेला केसी मसग्रेव्ह्जचा 'गोल्डन अवर', २०१८: तेरा गाणी, पाऊण तास, आणि २०१९ च्या ग्रॅमीत वर्षाचा सर्वोत्तम अल्बम. चारांतला एकच जमणार असेल तर हा शेवटचा घ्या.

बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'पासून (२०२४) सुरुवात करण्याचा मोह होतो. तो नंतरसाठी ठेवा. सत्तावीस ट्रॅक आणि सव्वा तासाहून जास्त लांबी असलेल्या अल्बमवर पहिलंच मत लिहायला गेलात तर पहिल्या सहा गाण्यांवर भरभरून लिहाल आणि बाकीच्यांची नुसती नावं घ्याल.

ऐकायला बसण्याआधी आवृत्ती तपासा. ही पायरी गाळली म्हणून वाया गेलेली मतं पुष्कळ आहेत. एकाच अल्बमची साधी, डीलक्स, रीमास्टर केलेली आणि पुन्हा गायलेली अशी रूपं शेजारी शेजारी दिसतात. टेलर स्विफ्टचा 'रेड' २०१२ चा आहे. २०२१ मध्ये तिनं तो पुन्हा गायला, तेव्हा तीस ट्रॅकचा झाला. ही दोन वेगळी रेकॉर्डिंग आहेत, गायिकेचं वयही वेगळं. 'इमोशन'च्या डीलक्समध्ये जास्तीची गाणी मागाहून जोडलेली आहेत. बाराव्या गाण्यावर जो शेवट होतो तो तिथे शेवट राहतच नाही, आणि मग 'अल्बम शेवटी रेंगाळतो' अशी तक्रार होते. कुठली आवृत्ती ऐकली ते मताच्या पहिल्या ओळीत लिहून टाका.

सामान आणि सेटिंग

महागडे हेडफोन लागत नाहीत. साधे वायरवाले, दोन्ही कानांत नीट बसणारे चालतात. पण दोन्ही कानांत हवेत. एका कानात इअरफोन घालून ऐकण्याची सवय आपल्याकडे फार, आणि त्यात अर्धं मिक्स सरळ गायब होतं. डावीकडे ठेवलेली गिटार उजव्या कानाला कळतच नाही.

फोनच्या स्पीकरवर पॉपचं मत बनवू नका. बास गिटारची सर्वांत खालची मोकळी तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते आणि फोनचा इवलासा स्पीकर त्याच्या कितीतरी वर सुरू होतो. 'इमोशन'मध्ये ठेक्याचा निम्मा जीव खालच्या सुरांत आहे. तो कापला गेला की उरतो चिरका आवाज, आणि मग 'पॉप पोकळ असतं' हा शिक्का तयारच असतो.

मग ॲपमध्ये जाऊन एवढं करा: शफल बंद. ऑटोप्ले बंद, नाहीतर शेवटचं गाणं संपताच कुणा तिसऱ्याचं गाणं सुरू होतं आणि शेवटाचा परिणाम पुसला जातो. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरता विरता दुसरं सुरू करणारी सोय, शून्यावर. इक्वलायझर सपाट, 'बास बूस्ट' वगैरे काही नको. आवाज सारखा करणारी नॉर्मलायझेशनची सोय मात्र चालू ठेवा. कारण साधं आहे: दोन रेकॉर्डिंगांपैकी जे जरा मोठ्यानं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, मग गाणं कसंही असो. १९७५ चा अल्बम आणि २०१५ चा अल्बम यांच्या मुळातल्या आवाजात मोठा फरक असतो. स्पॉटिफाय दोघांना साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचं एकक) या एकाच पातळीवर आणतं, म्हणून तुलना थोडी न्याय्य होते. शफलबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ॲडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावरचं शफलचं बटण मागे सारलं. क्रम ही गायकाच्या लेखी किती मोठी गोष्ट असते, ते यावरून कळावं.

आवाज मध्यम ठेवा आणि तिन्ही बैठकांत तेवढाच ठेवा. अगदी हळू ऐकलं तर कानाला खालचे सूर आधी कमी पडतात. लोकलमध्ये किंवा एसटीत 'रेड हेडेड स्ट्रेंजर' ऐकू नका. त्यात बऱ्याच ठिकाणी एक गिटार आणि एक गळा एवढंच आहे, आणि गाडीची घरघर तेवढं सहज गिळून टाकते.

पहिली बैठक: हात रिकामे

पहिल्यांदा काही लिहायचं नाही. गाण्याचे शब्द समोर उघडायचे नाहीत, कुणाचं परीक्षण वाचायचं नाही. फक्त क्रमानं, न थांबता ऐका. एखादं गाणं चुकून मनात राहिलं तर त्याचा क्रमांक कागदावर टाका. बस.

याला एक अपवाद आहे. एलपीच्या एका बाजूवर बावीस मिनिटांच्या आसपास संगीत मावायचं, आणि जुने अल्बम त्या दोन बाजूंचा हिशेब धरून रचलेले असत. 'रेड हेडेड स्ट्रेंजर'ची पहिली बाजू 'जस्ट ॲज आय ॲम' या चर्चमधल्या प्रार्थनागीताच्या पियानोवर संपते. दुसरी 'डेन्व्हर'नं उघडते. ॲपवर या दोन्हींच्या मध्ये एका श्वासाचंही अंतर नसतं. आठवा ट्रॅक संपला की पॉज करा, उठा, पाणी प्या, मग पुढे जा. गोष्टीतला प्रवास तिथे बदलतो, तो असा थांबूनच जाणवतो.

पहिल्या बैठकीनंतर जे मत मनात येतं ते बहुधा अल्बमबद्दल नसतं, आपल्या अपेक्षेबद्दल असतं. कंट्री म्हणजे टोपी, घोडा आणि रडगाणं, पॉप म्हणजे उथळ, इंडी म्हणजे हुशार लोकांचं कुजबुजणं: हे डोक्यात आधीच बसलेलं असतं आणि पहिल्या ऐकण्यात तेच पुन्हा ऐकू येतं. ते कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा. शेवटी ताडून बघायला उपयोगी पडतं.

दुसरी बैठक: कागद आणि मिनिटं

आता कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात ट्रॅकचा क्रमांक आणि मिनिट-सेकंद, दुसऱ्यात तिथे काय वाजलं, तिसऱ्यात तुम्हाला काय झालं. दुसऱ्या रकान्यात विशेषणं लिहायची नाहीत, नामं आणि क्रियापदं लिहायची. 'सुंदर सुरावट' चालणार नाही; 'ड्रम आले', 'आवाज दुहेरी झाला', 'पियानो सोडून सगळं थांबलं' असं हवं.

'गोल्डन अवर'वर या रकान्यांत काय येईल ते पाहू. 'स्लो बर्न' एका साध्या गिटारवर सुरू होतं, मग मागून ड्रम आणि बास भरत जातात, पण गळा मात्र बोलल्यासारखाच राहतो. चौथ्या 'ओह, व्हॉट अ वर्ल्ड'च्या तोंडाला व्होकोडरमधून काढलेला यांत्रिक आवाज आहे आणि पुढे त्याच गाण्यात बँजो वाजतो. कंट्रीचं एक जुनं वाद्य आणि विज्ञानकथेतला आवाज एकाच गाण्यात. पाचवं 'मदर' सव्वा मिनिटाचं आहे. आवडायला लागेपर्यंत संपतं, आणि हे मुद्दाम केलेलं आहे की अर्धवट राहिलंय, यावर दोन मतं होऊ शकतात. अकराव्या 'हाय हॉर्स'ला सरळ डिस्कोचा ठेका. तेराव्या 'रेनबो'मध्ये पियानो आणि गळा. एवढं टिपलंत की अल्बमचा आकार दिसायला लागतो: साध्यातून सुरुवात, मध्ये रंग, शेवटी पुन्हा साधं. आमचं मत विचाराल तर आठव्यापासून दहाव्यापर्यंतचा पट्टा जरा सपाट आहे, तीन गाणी एकाच चालीनं चालतात. 'हाय हॉर्स' इतकं उठून दिसतं त्यात या सपाटपणाचाही वाटा आहे.

सगळ्या ट्रॅकवर टिपण हवंच असं नाही. तेरा गाण्यांत आठ-दहा नोंदी झाल्या तरी पुरे. पण एकाच गाण्यावर सहा आणि बाकीच्यांवर शून्य असं झालं तर तुम्हाला अल्बम आवडलेला नाही, गाणं आवडलंय. तेच लिहा.

तिसरी बैठक: शब्द आणि श्रेयनामावली

आता शब्द उघडा. कंट्रीत दक्षिणेकडचे उच्चार आपल्या कानाला अवघड जातात, स्वर लांबतात, शेवटची व्यंजनं गळतात. तरीही आधी स्वतः ऐकलेलं लिहावं आणि मग ताडून बघावं. शब्द देणाऱ्या साइट्सवर चुका असतात, त्यामुळे एखादी ओळ तुमच्या कानाशी जुळत नसेल तर लगेच हार मानू नका.

इथे नवखा माणूस एका ठिकाणी हमखास घसरतो: 'मी' म्हणणारा म्हणजे गायकच, असं धरून चालतो. 'रेड हेडेड स्ट्रेंजर'मधला धर्मोपदेशक बायकोला आणि तिच्या प्रियकराला मारतो आणि घोड्यावरून भटकत राहतो. ती एका पात्राची गोष्ट आहे; शीर्षकगीत तर नेल्सननं लिहिलेलंही नाही, ते १९५० च्या दशकातलं दुसऱ्यांचं गाणं आहे, आणि गाजलेलं 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन' फ्रेड रोजचं. कंट्री गायक जॉनी कॅशनं तुरुंगातल्या खुन्याच्या तोंडचं गाणं १९५५ मध्ये गायलं, पुढे १९६८ मध्ये फॉल्सम तुरुंगात जाऊन कैद्यांपुढेही गायलं, पण स्वतः तुरुंगाची शिक्षा कधी भोगली नाही. लावणीत शाहीर बाईच्या तोंडून बोलतो हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. तीच समज इथे वापरायची.

पॉपमध्ये हीच चूक दुसऱ्या वाटेनं येते. गाणं कुठल्या माजी प्रियकरावर आहे याचा शोध सुरू होतो. टेलर स्विफ्टच्या 'फोकलोर'मध्ये (२०२०) 'कार्डिगन', 'ऑगस्ट' आणि 'बेटी' ही तीन गाणी एकाच काल्पनिक शाळकरी त्रिकोणाच्या तीन बाजू सांगतात. तिथे चौकश्या करत बसलात तर तिसऱ्या बाजूचा आवाज कसा वेगळा लागलाय ते ऐकायचं राहून जातं.

मग श्रेयनामावली बघा. ॲपमध्ये गाण्याच्या नावाशेजारच्या तीन ठिपक्यांत ती बहुधा सापडते. कंट्रीत गीतकार बघायचे, कारण कंट्रीचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात दोघा-तिघांनी खोलीत बसून गाणं लिहिण्याची पद्धत मुरलेली आहे. पॉपमध्ये निर्माते, म्हणजे रेकॉर्डिंगचा आवाज घडवणारे, बघायचे. इंडीत कुणी काय वाजवलं ते. 'फोकलोर'च्या श्रेयांत 'द नॅशनल' या इंडी बँडचा ॲरन डेस्नर दिसतो आणि त्या अल्बमचा करडा, मंद सूर कुठून आला त्याचा निम्मा उलगडा होतो.

प्रत्येक प्रकाराला वेगळे प्रश्न

एकच मोजपट्टी तिघांना लावली की मत फसतं. कंट्रीला 'नवीन काय केलं?' विचारणं आणि इंडीला 'कोरस (ध्रुवपद) कुठाय?' विचारणं, दोन्ही सारखंच चुकीचं.

कंट्रीत तीन-चार कॉर्डांवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीवर) सगळं चालतं, आणि हा दोष नव्हे. नॅशव्हिलचे वादक कॉर्ड अक्षरांऐवजी आकड्यांत लिहितात, म्हणजे गायकाची पट्टी बदलली तरी कागद तोच राहतो; आपला सा हलवला तरी सरगम तीच राहते, तसं. सांगाडा ठरलेला आहे हे गृहीतच असतं. कस लागतो तो गोष्टीत, आणि ती गोष्ट आपल्याला पटेल अशा आवाजात. म्हणून विचारायचं: दुसऱ्या अंतऱ्यात गोष्ट पुढे सरकली का, की पहिल्याचंच पुन्हा झालं? ध्रुवपद तेच असूनही शेवटच्या वेळी त्याचा अर्थ बदलला का? मसग्रेव्ह्जच्या 'स्पेस काउबॉय'मध्ये शीर्षक वाचून अंतराळातला गुराखी डोळ्यांपुढे येतो. गाण्यात दोन शब्दांच्या मध्ये ती किंचित थांबते आणि तो निरोप होतो. कंट्रीतल्या कारागिरीचा हा नमुना आहे. पहिल्या बैठकीत तो निसटतोच.

वाद्यांत पेडल स्टील ओळखायला शिका, कारण नव्या कानाला तेच आधी 'रडकं' वाटतं. दहा तारांचं सपाट टेबलासारखं वाद्य, तारांवर पोलादी कांडी सरकते, पायाखाली पेडल आणि गुडघ्यांशी लिव्हर. पेडल दाबलं की काही तारांचा सूर ताणला जातो आणि बाकीच्या जागच्या जागी राहतात, त्यामुळे कॉर्ड वाजता वाजताच वळते. १९५४ मध्ये वेब पीअर्सच्या 'स्लोली'त बड आयझॅक्सनं ते वाजवलं आणि नॅशव्हिलमध्ये लाट आली. याचं मूळ हवाईतल्या गिटारमध्ये आहे, आणि ती गिटार आपल्याला नवी नाही: व्हॅन शिपलींनी हिंदी गाणी हवाईयन गिटारवर वाजवलेल्या रेकॉर्डी ज्या घरात होत्या, तिथल्या माणसाला हा सरकता सूर ओळखीचा वाटेल. किशोरकुमारांच्या योडलिंगवर वाढलेल्याला १९२७ ते १९३३ मधला योडल करणारा कंट्री गायक जिमी रॉजर्सही परका वाटू नये.

पॉपचा प्रश्न वेळेचा आहे. घड्याळ लावून बघा: पहिला कोरस कितव्या सेकंदाला येतो? बहुतेक पॉप गाण्यांत तो पहिल्या मिनिटाच्या आत असतो. आता ॲपवर तीस सेकंद ऐकलं की गाणं 'वाजलं' असं मोजलं जातं, तेव्हापासून सुरुवातीला लांबण लावायला कुणी धजत नाही. मग बघा, कोरसच्या ठीक आधी काय काढून घेतलंय. चांगले निर्माते तिथे ड्रम किंवा बास क्षणभर ओढून घेतात, म्हणून परत आल्यावर आवाज न वाढवताही मोठं वाटतं. 'इमोशन'चं पहिलं 'रन अवे विथ मी' सॅक्सोफोनच्या हाकेनं उघडतं. ती हाक आपली पहिल्या दोन-तीन सेकंदांची पकड. नंतर ती कुठे कुठे परत येते ते टिपा. आणि दुसऱ्या अंतऱ्यात नवं काय घातलंय ते ऐका: एखादी टाळी, मागचा एखादा आवाज, बदललेला बास. काहीच नसेल तर निर्माता आळशी आहे असं बेधडक लिहा. पॉपमध्ये 'शब्द साधेच आहेत' ही तक्रार मोजावी इतकी मोठी नसते. 'ऑल दॅट'सारख्या संथ गाण्यात साधे शब्दच चालतात. जड शब्द घातले असते तर चाल बसलीच नसती.

इंडीबद्दल आधी एक गैरसमज. मुळात तो आवाजाचा प्रकार नव्हे, स्वतंत्र कंपनीकडून आलेलं संगीत एवढाच त्याचा अर्थ. आर्केड फायरचा 'द सबर्ब्स' उत्तर कॅरोलायनातल्या मर्ज या छोट्या कंपनीनं काढला आणि त्याला २०११ ची वर्षाच्या अल्बमची ग्रॅमी मिळाली. उलट 'फोकलोर' ऐकायला पक्का इंडी, पण आला तो युनिव्हर्सलच्या छत्राखालच्या कंपनीकडून. तेव्हा लिहिताना 'इंडी' म्हणजे कंपनी म्हणताय की आवाज, ते ठरवा.

आवाज म्हणत असाल तर पोताकडे कान द्या. 'फॉर एमा'मध्ये जस्टिन व्हर्नन वरच्या पट्टीतला नाजूक आवाज स्वतःच्याच आवाजावर पुन्हा पुन्हा चढवतो. एका माणसाचा समूह होतो. चाली आधी निरर्थक अक्षरांवर गाऊन त्यानं शब्द मागाहून बसवले, म्हणून 'शब्द कळत नाहीत' ही तक्रार तिथे गैरलागू आहे. शब्द अस्पष्ट असणं हाच तिथला रंग आहे. 'द वुल्व्ह्ज'मध्ये ते थर चढत चढत शेवटी ठोक्यांच्या गोंगाटात फुटतात, आणि अल्बम संपतो तो 'री: स्टॅक्स'च्या जवळजवळ एकट्या गिटारवर.

या अल्बमवर लिहिताना मात्र सगळे विस्कॉन्सिनमधल्या त्या थंडीतल्या लाकडी घराबद्दल लिहितात, जिथे त्यानं एकट्यानं बरंचसं रेकॉर्डिंग केलं. गोष्ट खरी आहे, पण ती वाचून गाण्यात बर्फ ऐकू येणं सोपं असतं. एक चाचणी करा: तुमच्या परिच्छेदातून घराचा उल्लेख काढा. उरलेलं वाक्य उभं राहिलं तर मत तुमचं आहे.

लिहायला बसताना

अडीचशे ते चारशे शब्द पुरतात. पहिल्या वाक्यात आवृत्ती आणि वर्ष, दुसऱ्यात तुमचं मुख्य म्हणणं. मग त्याला आधार देणारी दोन गाणी, जागेसकट. मग जिथे अल्बम कमी पडतो ते एक ठिकाण. आवडत्या अल्बममध्येही ते शोधा, सापडतं. पूर्ण ट्रॅकयादी एकेक वाक्यात उरकणं टाळा, त्याला मत म्हणत नाहीत, पावती म्हणतात.

कच्चं लिखाण असं असतं: 'गोल्डन अवर हा अतिशय भावपूर्ण अल्बम असून केसीचा आवाज थेट काळजाला भिडतो.' यात गायिकेचं नाव बदललं तरी वाक्य तसंच चालेल, म्हणून ते रद्द. तेच असं लिहिता येईल: 'स्लो बर्नमध्ये मागची वाद्यं भरत जातात तरी केसी आवाज चढवत नाही. पुढची नऊ गाणी ती हा संयम सोडत नाही, म्हणून हाय हॉर्सच्या डिस्को ठेक्यावर मी दचकलो. मला तो दचका हवाच होता.' पटो न पटो, वाचणारा उठून ऐकायला जाईल.

खोडरबर हातात घेऊन 'अप्रतिम', 'जबरदस्त', 'वेगळ्याच विश्वात नेणारं' आणि 'निव्वळ' हे चार आधी पुसा.

गुण द्यायचे की नाही हा वाद जुना. अमेरिकेत समीक्षक रॉबर्ट ख्रिस्तगाऊ १९६९ पासून शाळेसारखी अक्षरी श्रेणी देत आले. पिचफोर्क या संगीतविषयक संकेतस्थळानं दशांशात गुण दिले, शून्य ते दहा. दशांश देऊ नका. ७.४ आणि ७.६ यांतला फरक नव्या माणसाला स्वतःलाही सांगता येत नाही, आणि दहापैकी गुण द्यायला लागलं की सगळं सातावर येऊन बसतं. त्यापेक्षा तीन खाने पुरे: पूर्ण ठेवण्यासारखा, निवडक गाण्यांपुरता, पुन्हा नको. महिन्याभरानं खाना बदलावासा वाटला तर बदला आणि तारीख घालून तसं लिहा.

एक वाद मात्र टाळा: 'हे खरं कंट्री नाहीच.' २०१९ च्या मार्चमध्ये लोकप्रिय गाण्यांच्या याद्या काढणाऱ्या बिलबोर्डनं लिल नॅस एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' कंट्रीच्या यादीतून काढलं; तेच गाणं पुढे मुख्य यादीत एकोणीस आठवडे पहिलं राहिलं. 'काउबॉय कार्टर'वरही हाच वाद झाला, आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्तम कंट्री अल्बमची ग्रॅमी मिळाली, कृष्णवर्णीय कलाकाराला प्रथमच. बँजो मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांबरोबर अमेरिकेत आला, हे ठाऊक असलं की या शिक्क्यांचं वजन कमी होतं. ग्रॅमी किंवा यादीतला क्रमांक हा चांगलेपणाचाही पुरावा नाही, नसण्याचाही नाही. माहिती म्हणून एका ओळीत द्यावा.

चार अल्बम पचले की पुढची वाट अशी धरता येईल. 'गोल्डन अवर' आवडला तर वॅक्साहॅचीचा 'सेंट क्लाउड' (२०२०), इंडीकडून कंट्रीकडे वळलेला, मर्जनंच काढलेला. त्याच्या मागे जायचं तर लुसिंडा विल्यम्सचा 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' (१९९८). 'इमोशन' आवडला तर त्याचीच उरलेली गाणी २०१६ मध्ये 'साइड बी' नावानं आली, ती. आठच गाणी आहेत, आणि यातली कुठली मुख्य अल्बममध्ये हवी होती यावर मत लिहिणं हा चांगला सराव आहे. 'काउबॉय कार्टर' यानंतर घ्या, दोन दिवसांत तोडून, आणि त्याआधी डॉली पार्टनचं मूळ 'जोलीन' ऐकून ठेवा, म्हणजे बियॉन्सेनं त्यातली विनवणी काढून तिथे दम भरलाय हे लगेच ध्यानात येईल.